विश्लेषण : प्रत्यारोपण यशस्वी, मग धोका कुठला?

रक्ताच्या कर्करोगात दात्याच्या मूळ पेशी रुजल्या की रुग्ण सुटला, असे घरचे समजतात. पण कसोटी पुढेच असते. केमोथेरपीने आतड्याच्या अस्तराला इजा झालेली असते. तिथून सायटोकाइन्स, म्हणजे धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात आणि दात्याच्या टी-पेशी चेकाळून रुग्णाचीच त्वचा, यकृत, आतडी यांवर तुटून पडतात. हाच ‘जीव्हीएचडी’. पंचाईत अशी, की उरलेल्या कर्करोगपेशीही याच टी-पेशी मारतात. त्यामुळे संदेश सरसकट बंद करता येत नाहीत.

स्टिरॉइडने भागले नाही, तर रुक्सोलिटिनिब हे औषध पेशीच्या आतली ‘जॅक’ नावाची संदेशाची कडी अडवते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८व्या दिवशी ६२ टक्के रुग्णांना गुण आला. इतर उपचारांत ३९ टक्के. म्हणजे हमखास उपाय नाहीच.

म्हणून मदतीचा हिशेब डिस्चार्जच्या कागदावर संपू नये. लहानपणीच्या लसींचे संरक्षणही ओसरते, त्या नव्याने घ्याव्या लागतात. गावी परतलेल्या रुग्णाला पुरळ, जुलाब किंवा कावीळ झाली, तर ‘अ‍ॅलर्जी असेल’ म्हणून गोळी देण्याआधी तिथल्या डॉक्टरने प्रत्यारोपण केंद्राला फोन लावायला हवा.