वितळलेल्या कलदारांचा हिशेब

मंठा, जि. जालना

ब्रिटिश सरकारच्या परिवहन खात्याचे मंत्रिमहोदय यांस,


ज्या गावाचा समुद्राशी कधीच संबंध आला नाही, तेथून बुडित जहाजाविषयी पत्र यावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जहाज अपरिचित असले तरी त्यातील माल आमच्या ओळखीचा आहे. निजामाच्या अमदानीत आमच्याकडे चलन हालीचे, तरी लोणारच्या बाजूने वऱ्हाडची सरहद्द ओलांडली की व्यवहार ब्रिटिशांच्या कलदारात होई. सात हालीला सहा कलदार हा भाव अडत्यांना मुखोद्गत, आणि प्रत्येक नाणे दगडावर वाजवून, नाद ऐकूनच थैलीत पडे. त्या कलदार रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी असे. 1940 साली हिंदुस्थान सरकारने ते प्रमाण निम्म्यावर आणले आणि जुने रुपये क्रमाक्रमाने चलनातून काढून घेतले.

2 ऑक्टोबर 1942 रोजी मुंबईहून निघालेल्या 'सिटी ऑफ कैरो' या जहाजावर अशाच चांदीच्या नाण्यांच्या सुमारे 2000 पेट्या, वजनाने शंभर टनांच्या आसपास, लंडनच्या खजिन्यासाठी चढविल्या गेल्या. 6 नोव्हेंबरला सेंट हेलेनाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने जहाज बुडविले; शंभरावर माणसे दगावली. आपल्या खात्याशी केलेल्या करारनाम्यान्वये 'डीप ओशन सर्च' या खासगी कंपनीने 2013 मध्ये 5150 मीटर खोलीवरून त्यातील बरीचशी नाणी वर काढली, 2015 पर्यंत त्याची वाच्यता होऊ दिली नाही, आणि दरम्यान ती वितळवून, विकून, खजिन्याने व कंपनीने रक्कम वाटून घेतली.

चांदीवर आपल्या खजिन्याची कायदेशीर मालकी होती, हे मला मान्य आहे. अशा कंपन्यांवर सरकारचा वचक असावा, हेही मान्य. (कलकत्त्याहून निघालेल्या 'गैरसप्पा' जहाजाच्या चांदीतून खर्च वजा जाता 80 टक्के अमेरिकन कंपनीस देऊ करणाऱ्या खात्याचा वचक कितपत, हा प्रश्न तूर्त सोडून देतो.) माझी तक्रार एवढीच की, तो सारा वचक हिश्शापुरता आणि गुप्ततेपुरता राबविला गेला; ज्या रयतेच्या हातांतून तो रुपया फिरला, तिच्या देशाला नाणी भट्टीत घालण्यापूर्वी विचारावे, ही अट करारनाम्यात घालण्याचे कोणास सुचले नाही.

म्हणून विनंती, की तो करारनामा जसाच्या तसा प्रसिद्ध करावा. वितळविण्यापूर्वी सालवार आणि टांकसाळवार मोजदाद झाली असल्यास तिची नक्कल द्यावी. आणि खजिन्याच्या कोपऱ्यात मूठभर नाणी शिल्लक असतील, तर ती मुंबईस रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयाकडे रवाना करावीत, वाहतूकखर्च आमच्याकडून मागितला तरी हरकत नाही.

कळावे,
मंठ्याचा एक रहिवासी