आधी फट बुजवा, मग इन्सुलेशन

थंडी सुरू झाली की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. ‘हीटिंग चालू असूनही घर गरम का होत नाही?’ आणि ‘किचनमध्ये उंदीर दिसला, आता काय करू?’ या वर्षी त्यात तिसऱ्याची भर पडली आहे: ‘सरकारी योजनेतून इन्सुलेशन करून घेतलंय, आमच्याकडे काही गडबड नसेल ना?’

ही शंका उगाच आलेली नाही. नॅशनल ऑडिट ऑफिस म्हणजे इथली ‘कॅग’च. ऑक्टोबर २०२५ मध्ये या संस्थेने ‘इको ४’ आणि ‘ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम’ या दोन योजनांवर अहवाल दिला. तपासण्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार, या योजनांतून बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी तब्बल ९८ टक्के घरांत दुरुस्त करावेच लागतील असे मोठे दोष आहेत. अशी घरं २२ ते २३ हजार आहेत. भिंतींना आतून इन्सुलेशन केलेल्या घरांत हे प्रमाण २९ टक्के, म्हणजे ९ ते १३ हजार घरं. काही ठिकाणी तर विजेच्या तारा उघड्या राहिल्या आणि बॉयलरच्या हवेचा मार्ग बंद झाला. म्हणजे थेट जिवाशी खेळ.

हे झालं कसं? योजना ‘फुकट’ म्हणून ओळखली जाते, पण पैसा तुमच्या-आमच्या वीज-गॅसच्या बिलातूनच जातो. ऊर्जा कंपन्यांवर बंधन असतं की त्यांनी अमुक इतक्या घरांचा ऊर्जाखर्च कमी करावा. कंपन्या काम ठेकेदाराला देतात, ठेकेदार पोटठेकेदाराला. दर्जा बघायला एक संस्था, योजनेवर देखरेख ठेवायला दुसरी, धोरण मंत्रालयाचं. अपुरं प्रशिक्षण असलेले कामगार, मानकांबद्दल गोंधळ, घाईत उरकलेलं काम आणि कमकुवत देखरेख ही कारणं अहवालानेच मांडली आहेत. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, हा अनुभव आपल्याला भारतातही नवा नाही.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोष मालात नव्हता. ग्लासवूल, रॉकवूल, पॉलिस्टायरीनचे बोर्ड गेली कित्येक दशकं वापरात आहेत. चूक झाली ती सांध्यांमध्ये: खिडकीच्या कडा, छताचं टोक, पाइप बाहेर पडतो ती जागा. तिथून पाऊस आत शिरतो, अडकून बसतो आणि आतल्या भिंतीवर बुरशी येते. पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे गच्चीला वॉटरप्रूफिंग करतात, तसंच हे. मूळ भेग न भरता वरून महागडा थर मारला, तर जुलैत पाणी टपकणारच.

माझा स्वतःचा धडाही हाच. आमचं घर १९३० च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड. दोन वर्षांपूर्वी ठेकेदाराने अर्ध्या दिवसात माळ्यावर ग्लासवूल अंथरलं. इथे शिफारस असते तेवढं, २७० मिलिमीटर. तरी हिवाळ्यात पायाला गार झुळूक लागतच होती. भारतातून आलेली आई घरात मोजे, स्वेटर आणि वर शाल घेऊन बसायची. जानेवारीत रात्री डोक्यावर खुडबुड सुरू झाली. माळ्यावर चढून बघतो, तर त्याच नव्याकोऱ्या गादीत उंदरांनी संसार थाटलेला!

मग एका शनिवारी वॉशिंग मशीन पुढे ओढलं. मागे पाइपाभोवती दोन बोटं जातील एवढं भोक होतं. सिंकखाली दुसरं, जुन्या केबलचं तिसरं. छोट्या उंदराला पेन्सिलीच्या जाडीएवढी, म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटरची फट पुरते. तो जिथून येतो तिथूनच वारा येतो, आणि घरातली गरम हवा वर चढून माळ्याच्या झडपेभोवतालच्या फटीतून निघून जाते. भोकांत स्टीलवूल ठासून वर सिमेंट लावलं आणि झडपेला फोमची पट्टी चिकटवली. खर्च चाळीसेक पौंड. वाराही थांबला, पाहुणेही.

त्यामुळे ‘कुठलं इन्सुलेशन उंदीर-प्रूफ?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की कुठलंच नाही. उंदीर इन्सुलेशन खाऊन जगत नाही, पण त्यात घरटं नक्की करतो. ग्लासवूल मऊ, म्हणून त्याच्या सोयीचं. घट्ट रॉकवूलचे बोर्ड पोखरायला त्रासाचे आणि आगीला टिकणारे, पण तेही अभेद्य नाहीत. फोमचे बोर्ड आणि फटीत मारायचा डब्यातला फोम तो आरामात कुरतडतो. म्हणून फोम वापरायचाच असेल तर आधी आत स्टीलवूल किंवा जाळी हवी. शिवाय ग्लासवूल-रॉकवूल हवा अडवत नाहीत. फट उघडी असेल तर गार हवा त्यातून गाळून आत येते.

सगळ्यात जास्त सावध राहावं ते छताला आतून मारायच्या स्प्रे फोमपासून. ‘वारा बंद, उंदीर बंद, एका दिवसात काम’ असं विक्रेता सांगतो. पण छताची लाकडं फोमखाली झाकली जातात, ती ओलीने कुजताहेत का हे सर्व्हेअरला दिसत नाही, आणि म्हणून बरेच कर्जदाते अशा घरावर मॉर्गेज द्यायला कां-कूं करतात किंवा सरळ नाही म्हणतात. फोम काढायचा तर खर्च हजारो पौंडांत. आपल्यातले बरेच जण दर दोन-पाच वर्षांनी रीमॉर्गेज करतात. त्यांना हा फटका थेट बसतो.

फटी बुजवतानाही एक पथ्य पाळावं. जमिनीलगतच्या भिंतीतल्या जाळीदार विटा आणि छताच्या कडेची हवेची वाट बंद करू नये. लाकडी जमीन आणि छत तिथूनच श्वास घेतात. उंदराची भीती असेल तर तिथे स्टीलची बारीक जाळी लावावी. आपल्या घरात तर कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, रेडिएटरवर वाळणारे कपडे, म्हणजे वाफच वाफ. घर घट्ट केलं आणि एक्झॉस्ट फॅन चालवला नाही, तर बुरशी आपणच बोलावली असं समजा.

आता धोरणाकडे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने ‘इको’ योजना गुंडाळण्याचं जाहीर केलं. बिलातला हा भार आणि हरित ऊर्जेच्या शुल्काचा बराचसा वाटा काढून एप्रिल २०२६ पासून सरासरी बिल १५० पौंडांनी कमी होईल, असा सरकारचा दावा आहे. बिल कमी होणार हे चांगलंच. पण घर गारच राहिलं, तर वाचलेले पैसे पुन्हा हीटिंगमध्येच जातील. माझ्या मते योजना बंद करण्यापेक्षा तपासणी सुधारायला हवी होती. काम करणारा आणि काम तपासणारा यांचा आर्थिक संबंध नसावा, एवढी साधी अट घातली असती तरी बरंच नुकसान टळलं असतं.

योजनेतून भिंतींचं काम झालं असेल आणि तपासणीचं पत्र आलं, तर ते बाजूला टाकू नका. दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च मूळ ठेकेदाराने करायचा आहे. नवं काम काढणार असाल तर विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: आधी फटी कोण बुजवणार? काम झाल्यावर हवा खेळती कशी राहणार? आणि तपासणी तुमच्याशी संबंध नसलेला माणूस करणार का? उत्तर गोलमोल आलं तर सही करू नका. आणि त्याआधी एकदा वॉशिंग मशीनच्या मागे टॉर्च मारून बघा.