पालखी कोणाच्या मालकीची?

इसवी सन २०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एके सायंकाळी देवळातील आरती आटोपून चार-पाच तरुण मंडळी कमरीपेठेतील आमच्या कचेरीत आली. वकिलाच्या दारी मनुष्य येतो तो बहुधा भिंतीच्या, बांधाच्या किंवा भाऊबंदकीच्या कज्जासाठी. ह्या मंडळींचा कज्जा निराळाच होता. ती सारी फुटबॉलची भक्त. हुबळीहून लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर असा घाट उतरून मडगाव गाठायचे, फातोर्ड्याच्या मैदानावर सामना पाहायचा आणि सकाळच्या आत कामावर परतायचे, हा त्यांचा नेम. त्यांच्यासवे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे बालपण वास्कोत गेले आणि उमेदीची वर्षे हुबळीतल्या दुकानात. त्यांनीच विषय काढला. ते म्हणाले, "माम, क्लब गेलो जाल्यार आमी कोणाक पळोवचे? आमकां दावो घालूंक मेळटा काय?"

आम्ही उत्तर दिले, "नाही." हे उत्तर कायद्याने बरोबर होते. ते न्यायाने चूक आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम प्रसंग काय होता तो सांगितला पाहिजे. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना एका कंपनीस दिले. त्या करारातून पुढे इंडियन सुपर लीग जन्मास आली. करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार, हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेले होते. तरी पुढची व्यवस्था कोणी केली नाही, आणि ११ जुलै २०२५ रोजी लीग चालविणाऱ्या कंपनीने क्लबांना कळविले की हंगाम तूर्त स्थगित आहे. ऑगस्टमध्ये आमच्याच राज्यातील बंगळूरच्या क्लबाने खेळाडू व सेवक यांचे वेतन थांबविले. महासंघाने हक्कांसाठी निविदा मागविल्या, पण नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही आली नव्हती. मुंबईच्या क्लबात पासष्ट टक्के भाग घेऊन २०१९ साली आलेला परदेशी समूह डिसेंबरात अंग काढून घेऊन गेला. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना स्वतः जाहीर करावे लागले की हंगाम १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल. ह्या सहा महिन्यांत ज्यांस कोणी काही विचारले नाही असा एकच पक्ष होता. तो म्हणजे प्रेक्षक.

कोणी म्हणेल, हा एका वर्षाचा अपघात आहे. वृद्ध गृहस्थांनी आपल्या बोटांवर जी नावे मोजून दाखविली ती ऐकल्यावर असे म्हणवणार नाही. साळगावकरांचा क्लब १९५६ सालचा. त्याने १९९८-९९ साली राष्ट्रीय लीग गोव्यात प्रथम आणली आणि २०१०-११ साली पुन्हा जिंकली. धेंपो यांच्या क्लबाने तीच लीग पाच वेळा जिंकली आणि २००८ साली आशियाई चषकाची उपांत्य फेरी गाठली. चर्चिल ब्रदर्सनी ती दोनदा मिळविली. एवढ्याशा गोव्याने देशाचे अजिंक्यपद नऊ वेळा घरी आणले. ह्या वैभवाचा बराचसा भार खाणीच्या पैशावर उभा होता. २०१२ साली खाणकाम बंद पडले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. मधल्या काळात २०१६ साली महासंघाने जुनी लीग दुय्यम करण्याचा बेत मांडला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग व धेंपो हे तिन्ही क्लब निषेध नोंदवून राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. निषेधाचे कारण सबळ होते असे आम्हीही मानतो. परंतु ज्या दिवशी तो निर्णय झाला, त्या दिवशी वास्को-पणजीतल्या हजारो माणसांचा रविवार नाहीसा झाला, आणि त्यांस ते वर्तमानपत्रातून कळले.

महाराष्ट्राचीही तीच कथा. मुंबईत महिंद्रांचा संघ १९६२ पासून नांदत होता. २००५-०६ साली तो देशाचा अजिंक्य ठरला, आणि २०१० साली बंद झाला. पुण्यात २०१५ साली एकाच वर्षी दोन क्लबांनी गाशा गुंडाळला. तिसरा, एफसी पुणे सिटी, २०१९ साली आर्थिक अडचणीने संपला. त्याची लीगमधील जागा हैदराबादेस गेली. हैदराबादने २०२२ साली अजिंक्यपद जिंकले, मग तेही पैशाच्या फेऱ्यात सापडले, आणि २०२५ साली तेच बिऱ्हाड दिल्लीस गेले. सहा वर्षांत तीन शहरे! भाडेकरूसुद्धा इतक्या वेगाने घरे बदलीत नाही.

आता मालकपक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, 'तोटा आम्ही सोसतो. ज्याचा पैसा त्याची सत्ता. आम्हांस परवडेनासे झाले तर आम्ही दुकान बंद करू. तुमचा संबंध काय?' हे म्हणणे उर्मटपणाचे आहे म्हणून टाकून देता येत नाही. पैसा खरोखरच त्यांचा होता. गोव्यातील उद्योगपतींनी चार-पाच दशके फुटबॉलवर जे खर्चिले त्याचे ऋण मानलेच पाहिजे, आणि त्यांतली काही घराणी आपल्या वाचकांच्या देवळांतही दाते म्हणून परिचित आहेत. म्हणूनच आम्ही उत्तर देवळाच्याच दृष्टान्ताने देतो. खेळाची देवाशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. कायद्यातला दाखला तेवढा आम्हांस हवा आहे.

एखाद्या भाविकाने कळसास सोने दिले, पालखीस चांदी मढविली, तर पालखी त्याच्या मालकीची होते काय? उद्या त्याचा व्यापार बुडाला म्हणून तो चांदी उचकटून नेऊ शकेल काय? १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक हा कलकत्त्याचा खटला आला. पूजेची पाळी आलेल्या सेवेकऱ्यास मूर्ती आपल्या घरी हलविता येते काय, हा वाद होता. न्यायाधीशांनी सांगितले की मूर्ती म्हणजे कोणाची जंगम चीजवस्तू नव्हे. तिला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व आहे, आणि तिची बाजू मांडण्यास तटस्थ मनुष्य नेमला पाहिजे. पुढे १९६७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ विरुद्ध ठाकूर राधावल्लभजी ह्या खटल्यात मान्य केले की सेवेकरीच देवाच्या हिताविरुद्ध वागू लागला तर साधा भक्तही देवाच्या वतीने दावा लावू शकतो. दिवाणी व्यवहार संहितेच्या ब्याण्णवाव्या कलमाने सार्वजनिक न्यासात हितसंबंध असलेल्या कोणाही दोघांना, न्यायालयाच्या अनुमतीने, विश्वस्तांस जाब विचारता येतो. १९५० चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा झाला तेव्हा आमचा धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. त्या कायद्याचे छत्तिसावे कलम सांगते की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येणार नाही. गोव्यात १९३३ पासून महाजनांचा कायदा आहे. देवस्थानाचा कारभार महाजनांनी निवडलेल्या समितीने चालवायचा असतो, आणि तिच्यावर सरकारची देखरेख असते.

ह्या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. ज्या वस्तूचे मोल अनेकांच्या श्रद्धेने निर्माण झाले, ती वस्तू एकाच्या लहरीवर सोडता येत नाही. आता क्लबाकडे पाहा. क्लब म्हणजे अकरा खेळाडू नव्हेत, कारण ते दरसाल बदलतात. मैदानही बहुधा सरकारचे असते. मग विकत घेणारा विकत घेतो काय? तो घेतो नाव, रंग, चिन्ह आणि त्यांच्या मागे उभे असलेले लोक. जो माल विकला जातो तो आम्हीच आहोत, आणि सौद्याच्या कागदावर आमची सही मात्र लागत नाही! क्लब आज बहुधा खासगी मर्यादित कंपनी असतो. कंपनी कायद्यात अन्यायाविरुद्ध दाद मागता येते ती भागधारकास. चाळीस वर्षे उन्हात बसून घसा कोरडा करणारा मनुष्य त्या कायद्याला दिसतच नाही. आमच्या कचेरीत आलेल्या मंडळींस आम्हांला 'नाही' म्हणावे लागले ते ह्यामुळे.

स्थलांतराविषयीही एक शब्द. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. आपल्यापैकी कित्येकांचे कुलदैवत असे विस्थापित आहे. परंतु देव हलले ते भक्तांच्या खांद्यावरून, संकटात आणि भक्तांच्याच इच्छेने, म्हणून नाते तुटले नाही. पुण्याची जागा हैदराबादेस गेली ती खातेवहीतून, आणि बालेवाडीचा प्रेक्षक मागे राहिला. इंग्लंडात विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स गावी नेण्याचे ठरले, तेव्हा तेथील चाहत्यांनी २००२ साली आपला नवा क्लब स्वतः उभारला आणि तळाच्या पायरीपासून तो वर नेला. पालखी कोणाची, ह्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले.

आपल्याकडेही असे उदाहरण घडले आहे. १८८९ सालचा मोहनबागान २०२० साली एका उद्योगसमूहाच्या क्लबाशी जोडला गेला आणि समूहाच्या क्लबाचे नाव त्याच्या नावापुढे चिकटले. चाहत्यांनी तीन वर्षे तो उपसर्ग काढा म्हणून घोष केला, आणि २०२३ साली मालकांस तो काढावा लागला. गाव करील ते राव काय करील, ही म्हण कलकत्त्यास खरी ठरली. तथापि तेथे लक्षावधी लोक होते. लहान क्लबाच्या चाहत्यांस घोषणांवर विसंबता येणार नाही, त्यांस कायदाच हवा.

असा कायदा करता येतो. जर्मनीत काही मोजके अपवाद सोडले तर क्लबाच्या मतांपैकी बहुमत सभासदांच्या हाती ठेवावे लागते. इंग्लंडात १८८५ सालचा बरी हा क्लब पैशाअभावी २०१९ साली लीगमधून काढला गेला. त्या हळहळीतून सुरू झालेली चळवळ जुलै २०२५ मध्ये फुटबॉल नियमनाच्या कायद्यापर्यंत पोहोचली. आता तेथे स्वतंत्र नियामक नव्या मालकाची पात्रता तपासणार, आणि नाव, चिन्ह व रंग बदलण्यापूर्वी चाहत्यांचे मत घ्यावे लागणार.

आमच्या मागण्या ह्याहून अधिक नाहीत. नाव, रंग, चिन्ह व गाव ही नोंदणीकृत चाहत्यांच्या संमतीवाचून बदलू नयेत. क्लबाचे तपासलेले हिशेब दरसाल त्या गावच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत. नव्या मालकाने पैसा कोठून आणला हे सांगावे, आणि एका हंगामाच्या वेतनाइतकी रक्कम आधी ठेव म्हणून भरावी, म्हणजे तो पळाला तरी खेळाडूच्या घरची चूल विझणार नाही. मालकी बदलण्यापूर्वी नव्वद दिवसांची जाहीर सूचना असावी. आणि चाहत्यांचा एक प्रतिनिधी संचालक मंडळावर असावा. सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेस सप्टेंबर २०२५ मध्ये मार्ग मोकळा करून दिला आहे. ह्या अटी परवाना-नियमांत घालण्यास याहून योग्य वेळ कोणती?

येथवर मान डोलावणाऱ्या वाचकांस आता थोडे कटू वाटेल असे सांगतो. आमच्या त्या मंडळींस आम्ही उलट प्रश्न केला, "तुम्ही तिकीट काढता की पास मागता?" दोघांनी माना खाली घातल्या. सामना फुकट पाहायचा, क्लबाची जर्सी पदपथावरची घ्यायची, आणि मालकाने मात्र कोटी-कोटी ओतावेत अशी अपेक्षा ठेवायची, हे आयजीच्या जिवावर बायजी उदार होणे झाले. देवळात महाजनास मत असते, त्याचबरोबर त्याच्यावर उत्सवाचा भारही असतो. हक्क मागणाऱ्याने वर्गणीची पावती दाखविलीच पाहिजे. ज्या चाहत्यांपाशी सभासदांची यादी नाही, बँकेत खाते नाही, बैठकीचे कार्यवृत्त नाही, त्यांच्या नावाने कोणता नियामक कोणास संचालक नेमील?

म्हणून आम्ही त्या सायंकाळी फी घेतली नाही आणि सल्लाही फुकट दिला नाही. अट घातली की प्रथम संस्था नोंदवा. सात सभासद पुरतात. वृद्ध गृहस्थांनी खिशातून शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली आणि पावती मागितली. पावतीपुस्तक अर्थात नव्हते. एका मुलाने आमच्याच कागदावर पहिली पावती लिहिली आणि खाली तारीख घातली.

देवस्थानांच्या समित्यांवर वर्षानुवर्षे काम केलेले अनेक सज्जन ह्या पानांचे वाचक आहेत. हिशेब ठेवणे, सभा बोलाविणे, दात्याचा मान राखून त्यास मालक होऊ न देणे, ही विद्या त्यांच्याइतकी कोणास अवगत आहे? आपल्या गावी असा फुटबॉलवेड्या पोरांचा मेळा असेल तर त्यांस एक संध्याकाळ द्या, आणि एक पावतीपुस्तक छापून द्या.