अनाथोथचे शेत

गेल्या महिन्याच्या टपालात एका भगिनींचे पत्र आले. पत्र अवघे दीड पानाचे. यजमान सात वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले, थोरल्या मुलाला अद्याप कायमची नोकरी नाही, घराचे कर्ज अर्धेच फिटलेले. हे सारे त्यांनी चार ओळींत सांगून टाकले आहे. तक्रारीचा सूर कोठेही नाही. पुढे मात्र त्या लिहितात की, रोज सायंकाळी घरातील मंडळी एकत्र बसतात, शास्त्रपाठ होतो, प्रार्थना होते, देवाच्या अभिवचनांची उजळणी होते. आणि दिवा मालवल्यावर अंधारात एकच प्रश्न त्यांच्या उशाशी येऊन बसतो. वचन खरे असेल तर एवढा विलंब का? आणि अशी शंका मनात येणे हेच अविश्वासाचे लक्षण तर नव्हे?

त्या भगिनींना मी स्वतंत्र उत्तर धाडले आहे. परंतु प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही, म्हणून आज येथेही त्याविषयी लिहितो. आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत, हे मी जाणतो. तथापि दुखणे, कर्ज आणि लांबणीवर पडलेली आशा यांना धर्म विचारावा लागत नाही. ती सर्वांच्याच घरी येतात.

विश्वासाचा विषय निघाला की पवित्र शास्त्रातील अब्राहामाचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पुत्राचे वचन मनाशी धरून त्याने घर सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. पंचवीस वर्षांची ती प्रतीक्षा होती. परंतु अब्राहामाला अखेर मूल मांडीवर घेता आले. ज्यांना अजून काहीच हाती लागलेले नाही, त्यांना ही कथा ऐकून कधी कधी धीर येण्याऐवजी अधिकच उदास वाटते. म्हणून अशा वेळी मी यिर्मया संदेष्ट्याकडे वळतो. त्याला वचन मिळाले. पूर्ती मात्र त्याने डोळ्यांनी पाहिली नाही.

काळ इ. स. पूर्व ५८७ च्या सुमाराचा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. तटाला भिडवण्यासाठी मातीचे उतार रचले जात होते. नगरात अन्न संपत आले होते आणि साथीचे रोग पसरले होते. यिर्मया तर राजवाड्यातील पहारेकऱ्यांच्या चौकात कैदी होता. कारण नगर पडणार, असे तो उघडपणे सांगत असे आणि राजा सिद्कीया याला ते ऐकवत नव्हते. अशा स्थितीत त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटावयास आला. तो कशासाठी आला होता? जमीन विकण्यासाठी! अनाथोथ या गावी आपले एक शेत आहे, ते सोडवून घेण्याचा वारसाहक्क तुझा आहे, तेव्हा तूच ते विकत घे, असे त्याचे म्हणणे.

या व्यवहाराचा क्षणभर विचार करा. अनाथोथ हे यरुशलेमच्या ईशान्येस जेमतेम चार-पाच किलोमीटरांवरचे गाव. म्हणजे त्या शेतावर त्या वेळी शत्रूची छावणी पडली असली तरी नवल नाही. घेणारा तुरुंगात. शिवाय याच गावच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठण्याचा बेत केला होता. आणि देवाच्या आज्ञेवरून तो अविवाहित राहिलेला. त्या शेताला पुढे नांगर लावील असा पोटचा पुत्रही नाही. आपल्यापैकी कोणीही वडीलधारा असता तर त्याने सांगितले असते की, बाबा, हा पैसा पाण्यात जाणार.

यिर्मयाने ते शेत घेतले. देवाची तशी आज्ञा होती. त्याने १७ शेकेल रुपे ताजव्यात तोलून दिले; आजच्या मापाने ते दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर भरेल. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. ही त्या प्रदेशातील जुनी रीत होती; मोहोर केलेली प्रत सुरक्षित राही आणि उघडी प्रत कोणासही वाचता येई. याच धाटणीचे दुहेरी दस्तऐवज १९६१ साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बाबथा नावाच्या स्त्रीच्या कागदपत्रांत सापडले आहेत. ते यिर्मयाच्या पुष्कळ नंतरचे, पण पद्धत तीच. यिर्मयाने दोन्ही प्रती आपला लेखक बारूख याच्या हाती दिल्या आणि त्या मातीच्या घड्यात ठेवावयास सांगितल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे यांची खरेदी-विक्री पुन्हा होईल, हे देवाचे वचन त्या कागदपत्रांमागे होते.

येथवरची कथा व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितली जाते. त्यानंतरचा भाग मात्र घाईने उरकला जातो, आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनींना हवा आहे तो नेमका हाच भाग. खरेदीखत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसला. आरंभ स्तुतीचा आहे: आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याला काहीही अवघड नाही. मग मिसर देशातून झालेल्या सुटकेचे स्मरण. आणि शेवटी मनातली गोष्ट ओठांवर येतेच: उतार तटाला भिडले, नगर शत्रूच्या हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला सांगतोस की, पैसे मोजून शेत घे! हा शंकेचाच उद्गार आहे. परंतु तो कोठे आला आहे ते पाहा. सही करण्याच्या आधी नव्हे, नंतर. यिर्मयाने शंका फिटण्याची वाट पाहिली नाही. आधी आज्ञा पाळली आणि मग शंका घेऊन तो देवापुढे गेला. देवानेही त्याला झिडकारले नाही. त्याचेच स्तुतीचे शब्द प्रश्नाच्या रूपाने त्याला परत दिले आणि वचन पुन्हा सांगितले.

तेव्हा, भगिनी, दिवा मालवल्यावर येणारी शंका हा अविश्वास नव्हे. शंका देवापासून लपवून ठेवणे आणि तिच्या नावाखाली हातातले कर्तव्य टाकून देणे, हा अविश्वास होय.

आता विलंबाविषयी. या प्रसंगाच्या काही वर्षे आधी यरुशलेमात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा होता. बाबेलला धरून नेलेले लोक दोन वर्षांत परत येतील, असे त्याने मंदिरात भर सभेत सांगितले. यिर्मया तेव्हा गळ्यात लाकडी जू घालून फिरत असे. हनन्याने ते काढून मोडून टाकले. लोकांना ते किती आवडले असेल! यिर्मयालाही ते खरे व्हावे असेच वाटत होते. तसे त्याने बोलूनही दाखवले. पण देवाने त्याला दिलेला आकडा दोनाचा नव्हता, सत्तराचा होता. त्याने बाबेलातील निर्वासितांना पत्र धाडले: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या नांदणारी माणसे. आपल्याला कोणी धरून आणले नाही, हे खरे. तरीही या पत्रातील व्यवहारी शहाणपण आपल्या घरांना चटकन उमगावे.

हनन्याचे वचन गोड होते आणि खोटे होते. यिर्मयाचे वचन कडू होते आणि खरे होते. दुःखात सापडलेल्या माणसाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते, आणि ती माझीही झाली आहे.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमचा थोरला मुलगा अकरा वर्षांचा असताना मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडला. आठ महिने दवाखान्याच्या खेपा चालल्या होत्या. त्या दिवसांत एक सद्‌हेतूचे गृहस्थ घरी प्रार्थनेला येत. एके दिवशी त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले की, देवाने मला दाखवले आहे, येत्या नाताळात हा आपल्या पायांनी मंदिरात येईल. मी ते शब्द देवाचेच मानले. मुलगा नोव्हेंबरमध्ये गेला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी रविवारच्या उपासनेला जात असे तो केवळ पत्नीबरोबर सोबतीला. माझ्या लेखी देवाने वचन मोडले होते. एके रात्री मी तिला तसे बोललोही. ती म्हणाली, “अहो, ते वचन त्या गृहस्थांनी दिलं होतं. देवानं आपल्याला असं कुठं सांगितलं होतं?” मी विचारले, “मग देवाने काय सांगितले होते?” ती थोडा वेळ गप्प राहिली. “सोडणार नाही म्हणाला होता. तेवढं मात्र तो सोडून गेला नाही,” एवढेच ती म्हणाली आणि दिवा बारीक करून झोपली. मला ते त्या रात्री पटले नाही. पटावयास पुष्कळ दिवस लागले.

त्याच सुमारास तिच्या शास्त्राच्या पुस्तकात मला एक पावती सापडली. मुलगा अंथरुणावर असतानाच तिने त्याची पुढील वर्षाची शाळेची फी भरून टाकली होती. डॉक्टरांनी काय सांगितले आहे, हे तिला ठाऊक होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली की, तो बरा होणार म्हणून नव्हे, पण तो घरात आहे तोवर त्याचे नाव शाळेत असावे म्हणून भरली. मुलगा गेल्यावर तिने शाळेत जाऊन सांगितले की, ही फी दुसऱ्या कोणा गरजू मुलासाठी वापरा. तो मुलगा कोण, हे आम्हाला कळले नाही. आम्ही विचारलेही नाही. अनाथोथच्या शेताची कथा मी शेकडो वेळा वाचली होती. ती मला समजली त्या पावतीपाशी.

यिर्मयाचे पुढे काय झाले? नगर पडले, मंदिर जळाले. उरलेल्या लोकांनी त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला मिसर देशात नेले. आपले शेत त्याला कसावयास मिळाले, असे कोठेही लिहिलेले नाही. परंतु सुमारे पन्नास वर्षांनी कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि निर्वासितांना परतण्याची मुभा दिली. परतलेल्यांची गावनिहाय यादी एज्राच्या ग्रंथात आहे आणि नहेम्याच्या ग्रंथातही आहे. त्या रुक्ष यादीत एक नोंद अनाथोथची आहे: माणसे १२८. तो मातीचा घडा कोणी उघडला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण शेत होते आणि शेताला माणसे मिळाली.

हे शास्त्र मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून आपल्या साध्या मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. आईवडील दुष्काळाने, भाऊ व पती आजाराने, असे एकेक करून त्यांनी गमावले होते. केडगावच्या मुक्तिसदनाची धुरा जिच्यावर सोपवावी, ती एकुलती कन्या मनोरमाही १९२१ साली गेली. रमाबाई काम करीत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ लोकांच्या हाती पडला तो त्यांच्यामागे. यिर्मयाच्या त्या खरेदीखतावर रमाबाईंची लेखणी फिरली, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या विश्वासाचा मध्यबिंदू म्हणजे प्रभू येशूचे मरण आणि पुनरुत्थान. मरण शुक्रवारचे, पुनरुत्थान रविवारचे. मधल्या शनिवारविषयी शुभवर्तमाने फारसे बोलत नाहीत. त्या दिवशी शिष्यांच्या हाती काहीच नव्हते. प्रभूने आधी सांगितलेले शब्दही त्यांना उमगले नव्हते. रविवारनंतरही थोमाला शंका होतीच, आणि प्रभूने त्याला बाहेर घालवले नाही. आपले हात त्याच्यापुढे धरले. आपल्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे त्या शनिवारसारखी जातात. त्या दिवशीही देव देवच होता.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना मी अमुक दिवशी अमुक होईल असे सांगणार नाही. ते काम हनन्याचे. यजमानांना औषध वेळेवर द्यावे, मुलाला अर्ज करावयास लावावे, कर्जाचा हप्ता भरावा, सायंकाळची प्रार्थना मोडू नये आणि अंधारात येणारा प्रश्न तसाच देवापुढे ठेवावा. आज आपल्या ताजव्यात जेवढे रुपे आहे तेवढे तोलून द्यावे. शेत कोणाच्या हातून पिकेल, ते त्याच्याकडे सोपवावे.

ती पावती अजून आमच्या घरी आहे. शाई फिकट झाली आहे, पण नाव वाचता येते.