सह्यांना आवक क्रमांक हवा

महापालिकेच्या विभाग कार्यालयात साध्या कागदावरचा अर्ज नेऊन दिला की आवक खिडकीवरचा कारकून त्यावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो आणि दुसरी प्रत अर्जदाराच्या हाती ठेवतो. काम होवो न होवो, अर्ज पोचल्याचा पुरावा उरतो. फुटलेल्या गटारासाठी वा बळकावलेल्या मैदानासाठी ऑनलाइन गोळा केलेल्या पाच-दहा हजार सह्यांना मात्र एवढेही भाग्य लाभत नाही. त्या आयुक्तांच्या ई-मेलमध्ये जाऊन पडतात आणि पडूनच राहतात.

घरबसल्या बोट टेकवणे म्हणजे नागरिकत्व नव्हे, असे यावर ऐकवले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. मुलुंडच्या नाल्यासाठी न्यू जर्सीतला भाचाही सही करतो आणि एकच मसुदा हजार नावांनी येतो. परंतु कायद्यानेच मागवलेल्या हरकतींची तरी कोणती बूज राखली गेली? आरेतील मेट्रो कारशेडच्या वेळी १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार हरकती मागवण्यात आल्या. त्या ऐंशी हजारांवर गेल्या. पुष्कळशा ऑनलाइन मोहिमांतून आलेल्या होत्या. तरीही २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे तोडण्यास वा हलवण्यास मान्यता दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. हरकती ग्राह्य की अग्राह्य हा वाद बाजूला ठेवला, तरी त्या कोणत्या कारणाने नाकारल्या याचे उत्तर प्रत्येक हरकतदाराला मिळावयास हवे होते.

पुढे तर विचारायला नगरसेवकही उरला नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील इतर अनेक शहरांची गत निराळी नव्हती. २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून आणलेल्या क्षेत्रसभा बहुतांशी कागदावरच राहिल्या. अशा काळात लोक ऑनलाइन सह्यांकडे वळले तर त्यांना उथळ ठरवण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

इंग्लंडने २००९च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर बंधन घातले होते: ऑनलाइन अर्जांची सोय करावी, अर्जाची पोच द्यावी, सह्या ठरावीक संख्येपुढे गेल्यास पूर्ण सभेत चर्चा घ्यावी. २०११ साली ते बंधन खर्चिक म्हणून काढून टाकण्यात आले. तरीही अनेक परिषदांनी सोय चालू ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे यासाठी नवे खाते उघडण्याचे कारण नाही. कर भरताना भ्रमणध्वनीवर सांकेतिक क्रमांक येतो, त्याच रीतीने सही करणाराची ओळख आणि त्याचा प्रभाग पडताळता येईल. मग न्यू जर्सीची सही आपोआप वेगळी पडेल. अर्जाला आवक क्रमांक मिळावा, तीस दिवसांत कारणांसह लेखी उत्तर जावे आणि प्रभागातील पाचशे रहिवाशांच्या सह्या असतील तर तो विषय प्रभाग समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा. पाचशेचे तीनशे करायचे की हजार, हे महासभेने ठरवावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. ते अधिकाऱ्याच्या सहीनिशी असावे.