टेक्सास वेस्टर्नची लायकी विचारणाऱ्यांनो, आधी केंटकीची विचारा!

मागून आलेला कोणी पुढे गेला की एक प्रश्न हमखास येतो : याची खरंच तेवढी लायकी आहे का? आधीपासून पुढे बसलेल्यांना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. 'मेरिट'चा हा खेळ आपल्याला नवा नाही. आज आम्ही तो अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मैदानावर तपासणार आहोत.

साल १९६६. टेक्सासच्या सीमेवरचे एल पासो हे शहर आणि तिथले टेक्सास वेस्टर्न कॉलेज. हंगामाच्या सुरुवातीला देशातल्या पहिल्या दहा संघांत त्याचे नावही नव्हते. हंगाम संपताना २३ विजय आणि १ पराभव अशी कामगिरी करून ते तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पहिला केंटकी, दुसरा ड्यूक. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांच्या संघात १२ खेळाडू होते, त्यांपैकी ७ काळे. केंटकीच्या संघात एकही काळा नव्हता.

ही क्रमवारी ठरवत कोण होते? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी मत देणारे क्रीडा पत्रकार. प्रत्येकाने आपली यादी द्यायची, क्रमांकानुसार गुण धरायचे आणि बेरीज करायची. म्हणजे क्रमवारी हे वजनकाट्यावरचे माप नव्हते, ते काही लोकांचे मत होते. मत म्हटले की मत देणाऱ्याची नजर आली. त्या नजरेला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे विचारायलाच हवे.

टेक्सास वेस्टर्नच्या विरोधातला पहिला आक्षेप असा की, हा संघ कोणत्याही मोठ्या गटात नव्हता, दुबळ्यांना हरवून वर आला. त्यांच्या वेळापत्रकात लहान संघ होते, हे खरेच आहे. पण ते का होते? मोठ्या गटांतले संघ बरेचसे सामने आपापसातच खेळतात. बाहेरच्या लहान संघाला हरवून त्यांना फारसे काही मिळत नाही, हरले तर मात्र बरेच जाते. मग बोलावणे कशाला पाठवतील? आधी पंगतीला बसू द्यायचे नाही आणि नंतर विचारायचे, तुम्ही आमच्यासोबत जेवलात कधी? आणि बोलावणे आले तेव्हा काय झाले? राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सिनसिनाटीला जादा वेळेत हरवले, चौथ्या क्रमांकाच्या कॅन्ससला दुसऱ्या जादा वेळेत ८१-८० असे हरवले, मग युटाला हरवले.

दुसरा आक्षेप अंतिम सामन्याबद्दल. केंटकीचा एक प्रमुख खेळाडू आजारी होता, त्यांनी चालू खेळात जास्त बास्केट केले, टेक्सास वेस्टर्न फ्री थ्रोवर जिंकले. आकडे खरे आहेत : केंटकीचे बास्केट २७, टेक्सास वेस्टर्नचे २२. पण १९ मार्च १९६६ च्या त्या रात्री टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८ फ्री थ्रो टाकले आणि ७२-६५ असा सामना जिंकला. राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या दडपणाखाली ३४ पैकी २८, ही नशिबाची गोष्ट म्हणायची? काळे खेळाडू उड्या मारतात, पण डोके शांत ठेवू शकत नाहीत, हा त्या काळचा लाडका समज. तो समज या फ्री थ्रोंनी मोडला. त्या सामन्यात हॅस्किन्स यांनी फक्त आपले सात काळे खेळाडूच खेळवले. त्या काळी अनेक प्रशिक्षक एका वेळी मैदानावर किती काळे असावेत याचा अलिखित हिशोब ठेवत. हे गोऱ्यांसाठीचे न बोललेले आरक्षणच होते. त्याला मात्र कोणी आरक्षण म्हटले नाही!

आता आम्ही उलट प्रश्न विचारतो. केंटकीचा पहिला क्रमांक कशावर उभा होता? त्यांच्या साउथईस्टर्न गटात तेव्हा एकाही संघाकडून काळा खेळाडू उतरत नव्हता. गटातला पहिला काळा खेळाडू, व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस, १९६७ मध्ये मुख्य संघातून खेळला. याच गटातल्या मिसिसिपी स्टेटने १९५९, १९६१ आणि १९६२ मध्ये गट जिंकूनही राष्ट्रीय स्पर्धेत जायचे नाकारले, कारण तिथे काळ्यांसमोर खेळावे लागले असते. समाजाच्या एका भागाला दाराबाहेर ठेवून आत मिळवलेल्या विजयांना गुणवत्ता म्हणतात. मग दुबळे वेळापत्रक कोणाचे?

१९५८ साल पाहा. केंटकी एनसीएएचा विजेता ठरला. त्याच वर्षी टेनेसी ए अँड आय या काळ्यांच्या कॉलेजने एनएआयए या दुसऱ्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांनीच ती जिंकली. त्यांचे प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन कॅन्सस विद्यापीठात शिकले, या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. पण काळे म्हणून विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नाही. एका देशात एकाच वर्षी दोन विजेते, आणि दोघांची गाठच पडली नाही. मग देशात पहिले कोण, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. टेक्सास वेस्टर्न तिसऱ्या क्रमांकाला पात्र होते, नव्हे, तो क्रमांक त्यांना कमीच होता. संशय घ्यायचा तर पहिल्या क्रमांकावर घ्या.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबू नका. याच कॉलेजचे, नाव बदलून टेक्सास विद्यापीठ, एल पासो झालेल्या संस्थेचे, १९६८ चे वागणे बघा. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ ज्या चर्चचे, त्याचे काळ्यांविषयीचे धोरण भेदभावाचे होते. म्हणून बॉब बीमन आणि इतर काळ्या ॲथलीट्सनी त्या विद्यापीठाविरुद्ध उतरायला नकार दिला. त्यांना संघातून काढण्यात आले. त्याच वर्षी बीमनने मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटर लांब उडी मारून विश्वविक्रम केला. कप आणणारा काळा चालतो, प्रश्न विचारणारा चालत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यासमोर कोणी गुणवत्तेची यादी नाचवली, तर यादीत आपला नंबर शोधत बसण्याआधी तीन गोष्टी विचारा. मत कोणी दिले? खेळू कोणाला दिले? आणि नंबर मिळाल्यावर तोंड उघडायची मुभा आहे का?

जय भीम!