पुरे कधी म्हणायचं?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर भागात फ्लेक्सची भिंत उभी राहते. ७२० पैकी एवढे, ७२० पैकी तेवढे. लेकराचा फोटो, आणि बऱ्याचदा त्याच्यापेक्षा मोठा सरांचा फोटो. (पेपर नक्की कुणी दिला, हे फ्लेक्स बघून कळत नाही.)

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर दुसरी एक पोस्ट फिरते. पैसा-प्रसिद्धीच्या मागे लागू नका, सुख समाधानात आहे वगैरे. टाकणारा बहुतेक वेळा पेन्शनवाला असतो, पोरं पुण्यात नाहीतर अमेरिकेत सेटल. पोस्ट खोटी नाही हो. पण ती कुणाला ऐकवताय ते तरी बघा. निलंगा, औसा, कंधार, मुखेडकडच्या तीन-चार एकरवाल्याला समाधान शिकवायला आपलं तोंड धजावतं कसं? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. या माणसाला लेकरू डॉक्टर व्हावं वाटतं ती हाव नाही. वावरातून बाहेर पडायची त्याला दिसणारी ती एकच वाट आहे.

लातूर पॅटर्न सुरू झाला तोही याच भुकेतून. राजर्षी शाहू महाविद्यालय, प्राचार्य अनिरुद्ध जाधव, जादा तास, पुन्हा पुन्हा घेतलेल्या चाचण्या. मराठवाड्याची पोरं पुण्या-मुंबईच्या मागे का, हा त्यामागचा साधा प्रश्न होता. त्याला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. कितीतरी घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनियर त्यामुळे झाला.

पुढे त्याचा धंदा झाला. जून २०१८ मध्ये लातुरात एका क्लासच्या संचालकाचा भररस्त्यात गोळ्या घालून खून झाला आणि धंद्यातल्या वैरातून तो झाल्याचा आरोप झाला. २०२४ च्या नीट घोटाळ्यात नांदेडच्या एटीएसने लातुरात कारवाई केली, ज्यांच्यावर गुन्हा दाखल झाला त्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी क्लासेस भरले. गाडी थांबत नाही.

आता आकडे बघा. २०२४ ला देशात २३ लाखांहून जास्त लेकरांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या थोड्या वर, आणि परवडेल अशा सरकारी फीच्या जागा त्यातल्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे फ्लेक्सवर न येणारी लेकरं किती, ते तुम्हीच मोजा. ती रिपीटर बॅचला बसतात. एक वर्ष, दोन वर्षं, काही तीन. गावाकडून एसटीने डबा येतो, डब्यासोबत बापाचा फोन येतो, ‘कसं चाललंय?’ लेकरू ‘चांगलं’ म्हणतं. दुसरं काय म्हणणार? अन् मग कधीतरी पेपरच्या आतल्या पानात रूमवरच्या एखाद्या लेकराची चार ओळींची बातमी येते. त्या बातमीचा फ्लेक्स लागत नाही.

मला दोन माणसं आठवतात, एक लातूरचा, एक नांदेडचा. डॉ. अशोक कुकडे पुण्यात शिकलेले सर्जन. १९६६ मध्ये डॉक्टर मित्रांना घेऊन लातूरला आले आणि विवेकानंद रुग्णालय उभं केलं. त्या काळी लातूर साधं जिल्ह्याचं गावही नव्हतं, जिल्हा झाला १९८२ ला. पुण्यात स्वतःच्या नावाची पाटी लावली असती तर कुणी नावं ठेवली नसती. २०१९ ला पद्मभूषण मिळालं, तोवर पन्नास वर्षं उलटून गेली होती.

दुसरे नरहर कुरुंदकर. परीक्षेत नापास होऊनही महाराष्ट्रभर विद्वान म्हणून ओळखले गेलेले. ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना आहे, हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. एवढं नाव असून माणूस नांदेडातच राहिला, पीपल्स कॉलेजात शिकवलं, तिथेच प्राचार्य झाले, आणि १९८२ ला पन्नाशीच्या आत गेले.

कुकडे संघाचे, कुरुंदकर सेवा दलाचे. एका टेबलावर बसले असते तर चहा गार होईपर्यंत भांडले असते. पण ‘आपल्याला किती पुरे’ हा हिशेब दोघांनी स्वतः केला, शेजाऱ्याला करू दिला नाही. आणि लक्षात घ्या, दोघांनी काम कमी केलं नाही. समाधान म्हणजे हातपाय गाळून बसणं असं आपण समजतो, तिथंच घोळ होतो.

आपल्याकडे मात्र हा हिशेब भावकी करते. ‘त्याच्या पोराचा नंबर लागला, आपल्याचं काय?’ इथं पोटाचा प्रश्न संपलेला असतो आणि फोटोचा सुरू झालेला असतो. शेतकऱ्याचं मी वर बोललो. पण ज्याच्या घरी दोन पगार आहेत, शहरात प्लॉट आहे, तो मास्तर, तो इंजिनियर, तो डॉक्टरसुद्धा पोराला तिसऱ्यांदा रिपीट करायला लावतो, त्याला कोणती अडचण आहे? पोरगं उपाशी मरणार आहे का?

सरकारनं एक काम बरं केलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढले. निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो क्लासच्या जाहिरातीत वापरायचा नाही, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता तेही छापायचं. यंदा फ्लेक्ससमोर उभं राहून बघा, किती जणांनी ते छापलंय. नसेल तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.

आणि रिपीटर बॅचची फी भरायच्या आधी लेकराला एकदा विचारा. बापाने नको, बापासमोर ते खरं बोलणार नाही. मामाला विचारू द्या, आजीला विचारू द्या. फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी काहीही म्हणेल. शेती शिकतो म्हणालं तरी दचकू नका, कृषी महाविद्यालय लातुरातच आहे.